बाबांचं ‘काहून’

माझ्या वडिलांचा नागपुरात सीताबर्डीवर फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे पडद्याआड फोटो काढायची खोली आणि सगळ्यात मागे डार्करूम. उन्हाळ्यात ही डार्करूम इतकी तापायची की ट्रेमधलं औषध कोमट व्हायचं आणि फोटोवरचा थर सुटून यायचा. मग बारदानात गुंडाळलेली बर्फाची लादी आणायची, ती फोडून मोठ्या परातीत टाकायची आणि त्या परातीत ट्रे ठेवायचे. बर्फ फोडायचं काम माझं. कॉलेजात जायला लागले तरी मे महिन्यात ते मी सोडलं नाही, कारण त्या निमित्ताने मला आत थांबता यायचं.

आत बाबा फारसे बोलत नसत. जे बोलत त्यात ‘टोन’ हा शब्द हटकून असायचा. फोटो काळा-पांढरा असतो असं लोक म्हणतात, ते त्यांना पटत नसे. काळा आणि पांढरा हे नुसते दोन काठ, खरा फोटो मधल्या करड्या रंगांत असतो, असं ते म्हणत. कपाळाचा टोन वेगळा, गालाचा वेगळा, नाकाच्या बाजूला पडलेल्या सावलीचा वेगळा. स्थळांना दाखवायला मुलीचा फोटो काढून घेणारी मंडळी जाता जाता हळूच सांगत की जरा गोरी करा. बाबा मान डोलवत आणि आपल्याला करायचं तेच करत. "गोरं केलं का चेहरा सपाट होते," ते मला म्हणायचे. "थाळीसारखा होते. नाकडोळे कुठं गेले ते सापडत नाही."

कुणाला खास फोटो हवा असला तर तो ते तपकिरी करून देत. आधी एका औषधात फोटो बुडवायचा. चित्र फिकट होत होत जवळजवळ नाहीसं व्हायचं. मग दुसऱ्या ट्रेमध्ये टाकलं की तेच चित्र तपकिरी होऊन वर यायचं. त्या दुसऱ्या औषधाला सडक्या अंड्यांचा वास होता, आणि बाबांच्या शर्टातून तो महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोचायचा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून रेझर पडला. ते उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. आई आणि मी त्यांना धरून खाली बसवलं तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावरून ओल्या टॉवेलसारखा घसरला. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेलो.

उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की मेंदूच्या डाव्या भागात उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं असे तिघे शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे तिघांनाही एकदम धक्का बसला. हातापायांचं मला कळलं. पण शब्दांनाही राहायला जागा लागते, हे ऐकून त्या तशा वेळीही मला नवल वाटलं. मग वाटलं, शब्द तिथे राहत असतील तर बोलण्यातलं बाकीचं कुठे राहतं?

काही दिवस बाबा नुसते बघत राहिले. मग एका दुपारी आई त्यांना पेज भरवत होती, तेव्हा ते अगदी स्पष्ट म्हणाले, "काहून?"

काहून म्हणजे आमच्याकडचं ‘का’. पुण्याचा माणूस जिथे का किंवा कशाला म्हणेल तिथे नागपूरचा माणूस काहून म्हणतो. आईने चमचा वाटीत ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. दुसरा शब्द आला नाही. नर्सने नाव विचारलं तर काहून. डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं तर काहून. डॉक्टर म्हणाले की असं होतं, सगळं वाहून जातं आणि एखादाच शब्द मागे राहतो. कोणता राहील ते कुणाला सांगता येत नाही.

भेटायला येणाऱ्यांना मात्र त्या शब्दाने फार त्रास दिला. हे माझ्याच वाट्याला काहून आलं असं बाबा विचारताहेत, असंच प्रत्येकाला वाटे, आणि विचारलं आहे म्हटल्यावर उत्तर देणं भाग पडे. कुणी मागच्या जन्मावर गेलं, कुणी ग्रहांवर. घरमालकांनी डार्करूममधल्या औषधांना दोष दिला. एक लांबचे काका बराच वेळ कर्मावर बोलले. बाबा ऐकून घेत आणि शेवटी पुन्हा म्हणत, काहून. काका आणखी खोलात शिरत.

मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेली असे. परीक्षा जवळ येत होती, पण वाचलेलं डोक्यात जात नव्हतं. म्हणून असेल, मी ऐकत बसायची. काका बोलत होते त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबांच्या काहूनचा शेवट वर उचललेला आहे आणि ‘हू’ लांबलं आहे. सकाळी पाणी प्यायच्या आधी त्यांनी हेच म्हटलं होतं. मी उठून पेला तोंडाशी नेला. ते घटाघट पाणी प्यायले. काका थांबले. कर्माचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर मी डोळे मिटून ऐकायला लागले. शेवट खाली पडला की चादर काढा. ‘का’वर जोर देऊन बाकीचं गिळून टाकलं की नको. दोनदा घाईने म्हटलं की कुणाला तरी बोलवा. नाकातून, हसत हसत आलेलं काहून हे काहीच मागत नसे, ते नुसतं तू आहेस ना एवढंच विचारत असे. इथे लिहिताना माझी अडचण अशी आहे की कागदावर ही सगळी सारखीच दिसतात. मला स्वरलेखन येत नाही. पण त्या वॉर्डात बसून माझी खात्री झाली की बाबांचे शब्द गेले असले तरी बोलणं गेलेलं नाही.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. "ते मले विचारून राहिले," ती म्हणाली, "अन् तू त्याचं गाणं करून राहिली."

घरी आणल्यावर व्यायामासाठी एक बाई येऊ लागल्या. त्या त्याच दवाखान्यात काम करायच्या. मूळच्या केरळच्या. नागपुरात येऊन त्यांना थोडेच महिने झाले होते. ड्यूटी संपली की संध्याकाळी सायकलवरून महालात यायच्या. त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं आणि मराठी अजिबात नव्हतं. आई त्यांना मॅडम म्हणायची.

पहिल्या दिवशी त्यांनी बाबांचा उजवा हात वर उचलला आणि सोडून दिला. तो धपकन मांडीवर पडला. "टोन नहीं है," त्या मला म्हणाल्या.

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं हात दुखला.

काही आठवड्यांनी तो हात कोपरात वाकायला लागला आणि मूठ आपोआप मिटायला लागली. आम्हाला आनंद झाला. हातात ताकद आली असं आई शेजारी सांगून आली. बाई मात्र मूठ उघडून बघत म्हणाल्या, "अब टोन ज्यादा है."

मी विचारलं की हा टोन म्हणजे काय. त्यांनी हिंदी आणि हातवारे एकत्र करून सांगितलं. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हाही स्नायू पूर्ण झोपलेला नसतो. थोडा जागा असतो, हाक मारली तर उठेल इतपत. तो जागेपणा म्हणजे टोन. अगदी कमी झाला तर हात लोंबतो, फार झाला तर हात आखडतो. मेंदू त्याला मधे धरून ठेवतो. बाबांच्या मेंदूची ती पकड सुटली होती.

हे ऐकताना बाबा हसायला लागले. आजारपणानंतर प्रथमच. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण डोळे दोन्ही हसत होते. डाव्या हाताने ते भिंतीतल्या कपाटाकडे दाखवत होते आणि काहून, काहून म्हणत होते. दोनदा, घाईने. मी कपाट उघडलं. त्यांना सगळ्यात खालचा पुठ्ठ्याचा डबा हवा होता.

त्या डब्यात छापून बघितलेले जुने फोटो होते. एकाच निगेटिव्हवरून बाबा आधी निरनिराळे फोटो छापून पाहत, मग त्यातला एक गिऱ्हाइकाला देत आणि बाकीचे या डब्यात टाकत. त्यांनी वेचून काढले ते सगळे आईचे होते, लग्नानंतरचे, कन्हान नदीच्या वाळूत उभं राहून काढलेले. एक फारच फिका होता. तो वर धरून ते काहून म्हणाले, इतकं मलूल की ऐकू येता येता विरून गेलं. मग दुसरा उचलला. तो जास्त वेळ उजेड लागून काळाकुट्ट झाला होता. या वेळी काहून दात आवळून आलं. तिसरा तपकिरी होता. वाळू, साडी, आईचा गाल, सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं. तो धरून त्यांनी छातीतून, सावकाश, काहून म्हटलं.

बाई बघत राहिल्या. मग फिका फोटो हातात घेऊन त्यांनी स्वतःचा हात लुळा सोडला. काळा घेऊन मूठ आवळली. बाबांनी मान डोलावली. तिसऱ्या फोटोला त्यांनी हात नुसता मांडीवर ठेवला, जसा कुणीही ठेवतो. बाबांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. बाई आल्या की बाबा डबा उघडून एक फोटो काढून देत. काळसर दिला की हात आज आखडलेला आहे, त्यापेक्षा उजळ दिला की बरा आहे. त्यावरून बाई ठरवत की आधी शेक द्यायचा की लगेच ताणायला घ्यायचं. बाईंना बाबांचं काहून समजून घेताना माझ्यासारखा विचार करावा लागत नसे. मी त्यांना एकदा विचारलं की तुम्हाला इतक्या लवकर कसं कळतं. त्या म्हणाल्या, इथे आल्यापासून त्यांना सगळ्यांचंच बोलणं असं ऐकावं लागतं. शब्द समजत नाहीत, म्हणून माणूस चिडला आहे की विचारतो आहे, तेवढं आधी धरायचं. बाबा त्यांना इतरांपेक्षा सोपे वाटत होते.

आईला हे सगळं थोडं दुरून बघावं लागत होतं, आणि त्यात भर पडली तिच्या आवाजाची. आईचं माहेर कन्हानकाठच्या खाप्याचं. उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात त्यांच्या टरबुजांच्या वाड्या असायच्या, आणि लहानपणी काठावर उभं राहून वाळूतल्या माणसांना जेवायला हाका मारायचं काम तिचं होतं. तो आवाज तिने महालातही तसाच ठेवला होता. स्वयंपाकघरातून तिने काही विचारलं की बाबांची मूठ घट्ट व्हायची. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला सांगितलं की आईला जरा खालच्या पट्टीत बोलायला सांग. मी सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. आणि त्या संध्याकाळपासून ती बाबांशी बोलेनाशीच झाली. ताट ठेवायची, निघून जायची. औषधाची गोळी हातावर ठेवायची, पेला ठेवायची, निघून जायची. आमच्याकडे भांड्यांचे इतके बारीक आवाज येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबांचं काहून तिच्या मागोमाग दारापर्यंत जायचं. हे पाणी नव्हतं, चादर नव्हती. ते खरंच विचारत होते, काहून. इतके दिवस सगळ्यांना ऐकू येत होता तो प्रश्न बाबांनी आता पहिल्यांदा विचारला होता, आणि उत्तर द्यायला कुणी थांबत नव्हतं.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी मामा आले. ते आणि आई दाराशी बोलत होते. आई खूप हळू बोलत होती. स्टुडिओ बंद पडून राहिला आहे, घेणारा एक जण तयार आहे, तर देऊन टाकावा, असं मामांचं म्हणणं होतं. आईही हो म्हणत होती. मामा गेले. ती वळली तेव्हा बाबा खाटेवर ताठ बसले होते. त्यांनी ऐकलं होतं.

"काहून?" ते म्हणाले. शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात.

आई तिथेच उभी राहिली. आपल्या आवाजाची तिला भीती वाटत असावी. मग ती म्हणाली, "काहून?"

तिने तोच शब्द त्यांच्यापुढे टाकला, पण खाप्याच्या आवाजात. मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. बाबांनी पुन्हा म्हटलं, या वेळी लांबवून. तिने तोडून उत्तर दिलं. मग दोघांचं सुरूच झालं. मला समजलं ते असं: का द्यायचा? का नाही द्यायचा? चालवणार कोण? ही आहे ना. पोरगी चालवील का? का नाही चालवणार? आणि तुम्ही माझ्या आवाजाने अंग चोरता त्याचं काय? तू बोलत नव्हतीस त्याचं काय, असं बाबांनी विचारलं, खूप खालच्या आवाजात. त्यानंतरचं मला समजलं नाही. ते एकमेकांना सावकाश विचारत राहिले आणि मी पोळी करपवली.

संध्याकाळी बाई आल्या. मूठ उघडता उघडेना. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली की भांडण झालं, आणि हे सांगताना ती जवळजवळ खुशीत होती. कशावरून, असं बाईंनी विचारलं. "पूरा मालूम नहीं," आई म्हणाली.

त्यानंतर आई पहिल्यासारखी बोलायला लागली. आवाज तिने थोडा खाली आणला आणि बाबांच्या हाताने थोडी सवय करून घेतली, असं काहीतरी झालं असावं. कॉलेजात आमच्या सरांनी त्याच सुमारास शिकवलं की आवाजाच्या चढउताराने वाक्याचा अर्थ फिरतो, त्याला जुन्या शास्त्रकारांनी काकू म्हटलं आहे. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं की बाबांच्या बोलण्याला संस्कृतात काकू म्हणतात. "कोनाची काकू?" आईने विचारलं. बाबा नाकातून हसले.

परीक्षा झाल्यावर मी स्टुडिओ उघडला. बाबा काठी टेकत, पाय ओढत यायचे आणि कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. मला बर्फ फोडता येत होता, ट्रे हलवता येत होता, पण माणसासमोर कॅमेरा धरायची वेळ कधी आली नव्हती. माणूस खुर्चीवर बसला की दगड व्हायचा. श्वास रोखायचा, मान ताठ करायचा. आता मला तेही दिसायला लागलं होतं. टोन ज्यादा है, असं मी मनात म्हणायची, पण तो उतरवायचा कसा ते माहीत नव्हतं.

मग नागपुरातल्याच इंदोऱ्याहून एक नवं जोडपं आलं. बौद्ध पद्धतीने लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते आणि लग्नातलेच कपडे घालून आले होते. तिची साडी पांढरी, त्याचा शर्टपायजमा पांढरा. पांढऱ्यातले टोन सगळ्यात कठीण. उजेड जरा जास्त झाला की साडीच्या चुण्या दिसत नाहीत, नुसता कागद दिसतो. मी एक दिवा सरकवला. बाबांनी गिळलेलं काहून दिलं, म्हणजे नको. मी तो मागे नेला आणि दुसरा तिरका केला. काहून सावकाश, छातीतून आलं. दिवे ठरले. पण ती दोघं एकमेकांना न चिकटता, समोर बघत, श्वास कोंडून बसली होती.

बाबा स्टुलावर पुढे झुकले. त्यांनी त्या नवरीकडे बघून विचारलं, "काहून?" चोरून लाडू खाताना सापडलेल्या मुलीला विचारावं तसं.

तिला हसू आवरेना. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचेही खांदे खाली आले. मी बटण दाबलं. फोटो छापून बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी साडीची एकेक चुणी बोटाने मोजल्यासारखी केली.

पुढे लोक बाबांसाठी म्हणून यायला लागले. रडकी मुलं, रुसलेल्या सासवा, पेन्शनच्या फोटोसाठी आलेले म्हातारे. प्रत्येकाला काहून निराळं मिळायचं. बाबांना आणखी चारदोन शब्द परत मिळाले, पाणी, चहा, माझं लहानपणचं लाडाचं नाव, पण ते शब्द त्यांच्या तोंडी परके वाटत. कामाचं सगळं ते काहूनवरच भागवत.

बाई दोनेक वर्षांनी नागपूर सोडून निघाल्या. त्यांना घराजवळ नोकरी मिळाली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या स्टुडिओत फोटो काढायला आल्या. बाबांचा हात त्यांनी नेहमीप्रमाणे आधी उचलून पाहिला आणि मग खुर्चीवर बसल्या. इतरांचे स्नायू सैल करणारी ही बाई कॅमेऱ्यासमोर लाकडासारखी झाली. मी दिवे लावले आणि बाबांकडे पाहिलं.

मग त्यांनी काहून म्हटलं. हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते सपाट होतं, चढउतार जवळजवळ नव्हता, आणि तरी ते प्रश्नच होतं.

बाईंनी उत्तर दिलं ते मल्याळममध्ये. आमच्यासमोर त्या त्यांच्या भाषेत कधी बोलल्या नव्हत्या. एक वाक्य, मग आणखी काही वाक्यं. आवाज वेगळाच होता, हिंदी बोलताना असायचा त्यापेक्षा भरीव आणि वेगवान. बाबांनी मधे काहून घातलं. त्यांनी पुढे सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं, हळू. त्या थोडं हसल्या, मग खाली बघू लागल्या, पुन्हा वर बघून काहीतरी लहानसं म्हणाल्या. त्या वेळी मी बटण दाबलं.

तो फोटो बाबांनी तपकिरी करायला लावला. ट्रे मी हलवला, पण कधी बाहेर काढायचा ते त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई जेवणाचा डबा घेऊन आणि मी फोटो घेऊन स्टेशनवर गेलो. बाईंनी फोटो बघितला, आईने त्यांना मिठी मारली, आणि गाडी सुटेपर्यंत आई आपल्या खाप्याच्या आवाजात सूचना देत राहिली, मराठीतून.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं की बाई काल काय सांगत होत्या. ते खिडकीत बसून चहा पीत होते. पेला त्यांनी डाव्या हाताने खाली ठेवला, उजवा हात मांडीवर होता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहून?"

त्यांना ते माहीत होतं आणि ते मला सांगणार नव्हते, एवढं मला समजलं. मी त्यांचा पेला उचलून आत गेले.